पडद्याआडचा टायपिस्ट

श्रोतेहो, नमस्कार.

फोनवर यंत्राशी बोलायची वेळ आता कुणाला चुकलेली नाही. सिलिंडर नोंदवायचा असो की बँकेतली शिल्लक विचारायची, पलीकडून आवाज येतो, 'मराठीसाठी तीन दाबा.' पुण्यात मराठीचा नंबर तिसरा का, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. ते असो. असं बोलणारं यंत्र करायचं तर त्यातलं पहिलं काम कोणतं, एवढंच आज सांगतो. प्रोग्राम लिहायच्या आधी यंत्राच्या जागी माणूस बसवायचा. आधी माणूस, मग प्रोग्राम.

यातला माझा आवडता किस्सा आयबीएमचा आहे, १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतला. न्यूयॉर्क राज्यात यॉर्कटाउन हाइट्सला त्यांची संशोधन प्रयोगशाळा. तिथल्या जॉन गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे प्रश्न होता: आपण बोलायचं आणि टाइपरायटरनं ऐकून टाइप करायचं, असं यंत्र निघालं, तर त्यावर लोकांना पत्रं लिहिता येतील का? आणि ते अर्धवटच ऐकणारं असलं तर? अडचण अशी, की यंत्र नव्हतंच. बोललेलं भरवशानं ओळखणं तेव्हाच्या संगणकाच्या आवाक्यात नव्हतं. थांबायचं म्हटलं तर वर्षं जाणार. आणि इतकी वर्षं घालवून शेवटी लोक म्हणाले, 'नको बुवा, हातानं लिहिलेलं बरं,' तर?

मग त्यांनी सोंग उभं केलं. एका खोलीत पत्र सांगणारा, त्याच्यापुढे मायक्रोफोन आणि पडदा. दुसरीकडे, नजरेआड, कानाला आवाज लावून बसलेला तरबेज टायपिस्ट. इकडे शब्द उच्चारला, की तिकडे बोटं चालायची आणि शब्द पडद्यावर उमटायचा.

आता खरी गंमत ऐका. टायपिस्टला सगळंच कळत होतं, पण यंत्राला सगळं कळणार नव्हतं. म्हणून टायपिस्ट आणि पडदा यांच्या मधे संगणक घातला आणि त्याला शब्दांची यादी दिली. कधी १,००० शब्दांची, कधी ५,००० शब्दांची, कधी काहीच मर्यादा नाही. शब्द यादीत नसला, की पडद्यावर नुसत्या फुल्या. म्हणजे टायपिस्टनं बिनचूक टाइप केलं तरी सांगणाऱ्यापुढे फुल्याच! मग त्यानं तो शब्द एकेक अक्षर सांगून घालायचा, नाहीतर दुसरा शोधायचा. शिवाय काहींना सांगितलं, एकेक शब्द तोडून बोला. काहींना सलग बोलायची मुभा. कारण तोडून बोललेलं ओळखणं यंत्राला सोपं, सलग बोललेलं फार अवघड.

निष्कर्ष १९८३ साली छापून आला. सोंगातल्या यंत्राचे काही प्रकार लोकांना पहिल्यांदा वापरतानाही हातानं लिहिण्याइतके किंवा मजकूर सांगून लिहून घेण्याइतके तरी जमले. आणि शब्दसंग्रह मोठा असेल, तर शब्द तोडून बोलूनही उपयोगाचं यंत्र होऊ शकेल, असं दिसलं. पुढं त्याच दशकात आयबीएमनं २०,००० शब्दांचं टँगोरा नावाचं खरं यंत्र केलं. शब्द तोडूनच बोलायचं होतं. नाव कुणाचं, तर अल्बर्ट टँगोरा या टायपिंगच्या विक्रमवीराचं!

यात लक्षात ठेवायचं ते हे, की आडून बसलेल्या माणसाला मुद्दाम बांधून घालायचं. त्याला मोकळं सोडलं, तर तो सगळं समजून घेईल आणि चाचणी फुकट जाईल. आडच्या माणसाला बांधून घालायचं. पुन्हा सांगितलं, कारण इथंच बहुतेकांची फसगत होते.

आता हे पुण्यात आणू. शनिवार पेठेतल्या एखाद्या दवाखान्याला वेळ देणारी फोनलाइन हवी आहे. वाक्यांचा एक कागद करा, १५-२० वाक्यांचा. आडच्या माणसानं फक्त तीच वाक्यं वापरायची, तीही आधी ध्वनिमुद्रित करून ठेवलेली. उत्तर देण्याआधी सेकंदभर थांबायचं, कारण यंत्रही थांबणार. मधूनमधून मुद्दाम चुकीचं ऐकायचं. फोन करायला ८-१० जण पुरतात, पण ऑफिसातले सहकारी नकोत. आजी-आजोबा घ्या, रिक्षातून बोलणारे घ्या, स्वयंपाकघरातून बोलणारे घ्या. फोन करून झाला, की त्यांना सांगून टाकायचं, की पलीकडे माणूस होता.

मग कानावर काय पडतं? 'कोणत्या वारी येणार?' यावर उत्तर येतं, 'शनिवारातच राहते मी, बुधवारी चालेल का?' शनिवारात म्हणजे पेठेत आणि शनिवारी म्हणजे त्या वारी, हे पुण्यात पोरालाही कळतं. पण शब्द ओळखण्यासाठी प्रत्यय छाटणारा प्रोग्राम दोन्हींचा 'शनिवार' करून ठेवतो आणि बाईंना नको त्या दिवसाची वेळ मिळते. सातही वारांच्या पेठा आहेत आपल्याकडे, तेव्हा वाराच्या प्रश्नात प्रत्यय छाटायचे नाहीत. 'परवा'चं तसंच. 'परवा आले होते' आणि 'परवा येते' यांतला फरक क्रियापदापर्यंत ऐकल्याशिवाय कळत नाही.

साध्या फोनवर आवाजाचा ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. 'स'चा जोर बराचसा त्याच्या वर असतो, म्हणून 'साठ'चं 'आठ' होतं. यावर उपाय ऐकलेलं बोलून दाखवण्याचा. पण 'तुम्ही आठ म्हणालात, बरोबर का?' असं दर वाक्याला विचारलं, तर माणूस वैतागतो. खात्री असेल तिथं पुढच्या प्रश्नातच गुंफायचं: 'बुधवारी, सकाळी की संध्याकाळी?' सरळ हो-नाही विचारायचं ते शंका असेल तिथंच, आणि सगळ्यात शेवटी एकदा.

माणसं एकमेकांशी बोलताना मधे साधारण ०.२ सेकंदाचीच फट ठेवतात. यंत्र पाऊण-एक सेकंद शांतता ऐकून मग धरतं, की बोलणं संपलं. एरवी ते चालतं. मोबाइल नंबरला नाही, कारण चिठ्ठीवरून वाचताना माणूस मधेच थांबतो. तिथं दीड-दोन सेकंद द्या. आणि यंत्राचं बोलणं मधेच तोडायची सोय असावी, पण आवाज झाला म्हणून लगेच गप्प बसू देऊ नका. नाहीतर कुकरच्या शिट्टीलाही ते गप्प बसेल.

लिहून बोलणाऱ्या चॅटबॉटला हेच लागू. लोक एक वाक्य तीन तुकड्यांत पाठवतात, 'नमस्कार', मग 'उद्या', मग 'डॉक्टर आहेत का'. पहिल्या तुकड्यावरच झडप घालायची नाही, दोन-तीन सेकंद थांबायचं. आणि अर्ध्याअधिक मराठी रोमन लिपीत येणार हे धरूनच चालायचं. त्यावर नाकं मुरडणाऱ्यांनी मोबाइलवर एकदा जोडाक्षरं टाइप करून पाहावीत.

शेवटचं. पहिल्यांदा कळलं नाही, तर प्रश्न थोडक्यात पुन्हा विचारा. दुसऱ्यांदा उदाहरण द्या, 'बुधवारी संध्याकाळी, असं सांगा.' तिसऱ्यांदा माफी मागत बसू नका, फोन सरळ माणसाकडे द्या. आणि तोवर सांगून झालेलं नाव, वार, नंबर त्या माणसाच्या पडद्यावर आधीच गेलेलं असू द्या, म्हणजे त्याला पुन्हा 'नाव काय तुमचं?' विचारावं लागणार नाही.

नमस्कार.