कॅमेऱ्याच्या पोटातली धूळ

(पांढऱ्या भिंतीचा फोटो. हळूहळू मोठा होतो. वरच्या उजव्या कोपऱ्यात करडे ठिपके.)

हे ठिपके भिंतीवर नाहीत. लेन्स पुसली, तरी गेले नाहीत. दुसरी लेन्स लावली, तरी त्याच कोपऱ्यात. मालकाने ‘सेन्सर गेला’, म्हणजे प्रकाश टिपणारी आतली चिपच गेली, असं ठरवूनच कॅमेरा टेबलावर ठेवला. दुरुस्तीच्या टेबलावर हे वाक्य फार ऐकू येतं, आणि ते क्वचितच खरं निघतं.

(तीच भिंत, शेजारी-शेजारी दोन फोटो.)

डावा फोटो एफ/२२ ला काढलेला, उजवा एफ/४ ला. उजवीकडे ठिपके जवळजवळ दिसेनासे झालेत. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, बारीक असलं (एफचा आकडा मोठा असला) की कणाची सावली ठसठशीत पडते. ते उघडलं की प्रकाश वेगवेगळ्या कोनांतून येतो आणि सावली विरते. म्हणून धूळ शोधायची तर एफ/१६ किंवा एफ/२२ ला, फोकस बिघडवून, कॅमेरा मुद्दाम थोडा हलवत फोटो काढायचा. भिंतीवरचे डाग फराटे होऊन जातात, धूळ मात्र जागची हलत नाही.

(माउंटमधून, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यातून आत. आरसा खटकन वर जातो, शटर उघडतं.)

लेन्समुळे प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे फोटोत वर दिसलेला ठिपका सेन्सरवर खाली शोधायचा. समोरून पाहताना उजवा मात्र उजवीकडेच सापडतो. याआधी मेकॅनिकने एक काम केलंय: बॅटरी पूर्ण चार्ज करून घातलीय. आरशाच्या कॅमेऱ्यात साफसफाई चालू असताना बॅटरी संपली, तर शटर आणि आरसा आत असलेल्या हत्यारावरच येऊन आदळतात.

पहिल्यांदा ब्लोअर. रबरी फुग्याचा, साधा. कॅमेऱ्याचं तोंड खाली, म्हणजे सुटलेला कण बाहेर पडेल. तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकीचे शिंतोडे धुळीपेक्षा चिवट. डब्यातली दाबलेली हवाही नको. तिच्यातला द्रव काचेवर उडतो. बऱ्याच कॅमेऱ्यांचं काम इथेच होतं.

याचं झालं नाही. एक कण चिकटून बसलाय.

(क्लोजअप: स्वॅबच्या टोकावर थेंब.)

हा स्वॅब, म्हणजे टोकाला कापड लावलेली चपटी काडी, १६ मिलिमीटर रुंदीचा, एपीएस-सी या लहान आकाराच्या सेन्सरच्या उंचीइतका. मोठ्या, फुल-फ्रेम सेन्सरला २४ चा लागतो. सेन्सर साफ करायच्या द्रवाचे दोन थेंब, जास्त नाहीत. एका कडेला टेकवायचा, किंचित तिरका धरून दुसऱ्या कडेपर्यंत एकाच ओढीत न्यायचा. मग पालटून दुसऱ्या बाजूने परत. झालं की स्वॅब टाकून द्यायचा, पुन्हा वापरायचा नाही. हात कुठेही थांबत नाही, दाबतही नाही. आणि ज्याला हा स्पर्श होतोय तो सेन्सर नाहीच. त्याच्यापुढे बसवलेली फिल्टरची काच आहे. ‘सेन्सरला हात लावला की संपलं’ या भीतीने कितीतरी धडधाकट कॅमेरे कपाटात पडून राहतात. अर्थात काचेवर ओरखडा उमटला, तर फिल्टर बदलावा लागतो.

पुन्हा भिंत, पुन्हा एफ/२२. मधलं मैदान स्वच्छ, पण धूळ सरकून कडेला जमलीय. दुसरा स्वॅब.

सेन्सरपुढची काच थरथरवून धूळ झाडण्याची सोय २००३ च्या ऑलिंपस ई-१ पासून आली, आता ती सर्रास असते. सुकी धूळ तिने झडते, तेलकट झडत नाही. आणि दोष दर वेळी वापरणाऱ्याचा असतो असंही नाही. २०१२ च्या निकॉन डी६०० मध्ये कोऱ्या कॅमेऱ्यांतही ठिपके जमू लागले. शेवटी २०१४ मध्ये कंपनीने शटर आणि त्याचे संबंधित भाग मोफत बदलून द्यायचं जाहीर केलं.

(दुसरा कॅमेरा. छोट्या पडद्यावर ‘एफईई’ लुकलुकतंय.)

याला तर काहीच झालेलं नाही. निकॉनच्या जुन्या लेन्सवर अ‍ॅपर्चरची रिंग असते. ती सर्वांत मोठ्या आकड्यावर नसली, तर कॅमेरा ही अक्षरं दाखवून अडून बसतो. रिंग २२ वर फिरवली... शटर चाललं.

लेन्स ओळखत नाही, मधेच एरर येते, अशा तक्रारींत आधी माउंटवरच्या सोनेरी पिना पाहायच्या. धागे न सुटणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ओलावा, एवढ्यावर पुष्कळदा भागतं. कार्ड ‘लॉक्ड’ म्हणालं तर त्याच्या कडेची बारीक पट्टी सरकवून बघा.

(छोटा कॅमेरा. लेन्स अर्धी बाहेर, तिरकी. स्क्रू निघू लागतात.)

हा प्रकार मात्र घरी उघडायचा नाही. आत फ्लॅशचा कपॅसिटर आहे, बॅटरी काढल्यावरही त्यात सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असू शकतात. मेकॅनिक आधी तो रेझिस्टरने रिकामा करतो, मीटरने तपासतो, मगच बोट घालतो. लेन्सच्या नळ्या एकात एक बसवलेल्या. त्या सुट्या होतात, आणि चिमट्याच्या टोकावर गुन्हेगार: वाळूचा एक कण, गिअरच्या दात्यांत अडकलेला. खाऱ्या पाण्यात पडलेल्या कॅमेऱ्यांच्या वाट्याला सहसा असं नशीब येत नाही.

(लेन्समधून टॉर्चचा झोत. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू.)

ही बुरशी. सुरुवातीला सापडली तर लेन्स उघडून पुसता येते. उशीर झाला तर काचेवरचा लेप खाल्लेला असतो. तिला ओल आणि अंधार आवडतो. म्हणून लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवायची, अधूनमधून बाहेर काढून वापरायची. मूळ चामडी केस कितीही देखणी असली, तरी लेन्स तिच्यात ठेवायची नाही. चामडं ओल धरून बसतं.