फाटकावर ठेवलेला मोबाइल

(दृश्य: पहाट. मनमाडजवळची पानेवाडी. रस्त्याच्या कडेला टँकरची रांग.)

पानेवाडीच्या इंधन डेपोतून भरलेला टँकर नाशिकला जातो, खानदेशात जातो, मराठवाड्यातही जातो. आत शिरण्याआधी ड्रायव्हरनं काडेपेटी द्यायची आणि मोबाइलही. काडेपेटीचं समजतं. पण मोबाइलनं काय घोडं मारलंय?

पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते तो आकडा, उणे 43 अंशांच्या आसपास. निफाडला पारा 5 वर उतरतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, तेव्हाही पेट्रोल वाफ सोडतच असतं. ही वाफ हवेपेक्षा जड. जमिनीलगत सरपटत जाते, गटारात, खड्ड्यात दबा धरून बसते. तिला पाव मिलिज्यूलची ठिणगी पुरते. थंडीत स्वेटर काढून लोखंडी दाराला हात लावला की चटका बसतो ना, ती ठिणगी सहसा याहून मोठी असते.

आता रेडिओलहरी. त्या वाफेला थेट पेटवत नाहीत. पण ट्रान्समीटर जोरकस असेल, तर जवळची उंच क्रेन किंवा लांबलचक पाइपांचा वेढा नकळत अँटेनाचं काम करू लागतो. लोखंडात वीज खेळते. एखादा सैल सांधा तिथे उघडला-मिटला, की ठिणगी.

म्हणून स्फोटक वाफेच्या जागांसाठीच्या आयईसी 60079 या आंतरराष्ट्रीय मानकानं लहरींच्या ताकदीला वेसण घातली आहे. पेट्रोल, प्रोपेनच्या गटाला 6 वॅट. इथिलीनच्या गटाला 3.5. हायड्रोजन, अ‍ॅसिटिलीनच्या गटाला फक्त 2. पहारेकऱ्याच्या हातातला वॉकीटॉकी साधारण 5 वॅटचा. पेट्रोलपाशी तो या आकड्यात बसतो. तोच नाशिकच्या अंबडमधल्या एखाद्या कारखान्यात, गळक्या अ‍ॅसिटिलीन सिलिंडरशेजारी नेला, तर बसत नाही. 4जी मोबाइल 0.2 वॅटचा, या हिशोबात लिंबूटिंबूच.

तरी तो बाहेर ठेवतात, ते त्याच्या पोटातल्या बॅटरीमुळे. वाफेच्या जागी चालावा म्हणून साधा फोन बनवलेलाच नसतो. तिथे न्यायचे वॉकीटॉकी वेगळे. बिघाड झाला तरी आतली ठिणगी वाफ पेटवू शकणार नाही, इतकीच ऊर्जा त्यांत खेळवलेली. त्यावर नागपूरच्या 'पेसो'ची, म्हणजे स्फोटकं आणि पेट्रोलियमच्या सुरक्षेवर नजर ठेवणाऱ्या केंद्र सरकारी संस्थेची, मंजुरी लागते. आणि त्याचीही बॅटरी बदलायची, तर बाहेर येऊनच.

(दृश्य: पेट्रोल पंप. 'मोबाइल वापरू नका' ही पाटी. खाली पैसे भरायचा क्यूआर कोड.)

ही गंमत आपण रोज बघतो. पंपावरच्या ज्या आगी मोबाइलच्या नावावर खपल्या, त्यांतल्या कित्येकींचा माग काढत गेल्यावर अंगावरची किंवा कपड्यांवरची स्थिर वीज हाती लागली.

(दृश्य: पुन्हा डेपो. अर्थिंगच्या चिमट्याचा क्लोजअप.)

टँकर भरायच्या जागी येऊन उभा राहिला. क्लीनर अर्थिंगचा चिमटा लावतो, हलवून बघतो, काढतो. खाली रंगाचा थर आहे. रंगावरून टँकरवरची स्थिर वीज जमिनीत उतरत नाही. तो शेजारची उघड्या धातूची जागा शोधतो, चिमटा तिथे बसवतो. दात लोखंडात रुततात. मग वरचा माणूस झाकण उघडतो.