सहाव्या पावसाळ्यातला कोविड

(पहाट. पाऊस. दगडी पाखाडी उतरणारी पावलं, छत्री, खांद्याला पिशवी.)

ही पाखाडी उतरायला ताईंना बारा मिनिटं लागतात, चढायला वीस. खाली व्हाळ, व्हाळावर साकव, साकव ओलांडला की दुसरी वाडी. दापोली तालुक्यातल्या या गावाच्या पाच वाड्या आहेत आणि पाचही वाड्यांना मिळून आशा, म्हणजे घरोघरी फिरणारी आरोग्य कार्यकर्ती, एकच. गावात त्यांना नावानं कोणी हाक मारत नाही. लहानांच्या आणि म्हाताऱ्यांच्याही त्या ताईच.

पिशवीत काय काय आहे बघा. ओआरएसची पाकिटं, पॅरासिटामॉल, लोहाच्या गोळ्या, थर्मामीटर, बाळाचं वजन करायचा झोळीचा काटा, आणि प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेली वही. ताई स्वतः चिंब भिजलेल्या आम्ही रोज पाहिल्या. वही भिजलेली एकदाही पाहिली नाही.

हे चित्रण जून २०२५चं. त्या वर्षी पाऊस मेच्या शेवटच्या आठवड्यातच कोकणात उतरला. भाताचा तरवा लवकर वर आला आणि सगळं गाव चिखलणीला लागलं. ताईंच्या पावसाळी फेऱ्या टिपायच्या, एवढंच ठरवून आम्ही आलो होतो. कोविड आमच्या यादीत कुठेच नव्हता.

(एका घराची पडवी. ताई वहीत लिहिताहेत. मान वळवून खोकतात.)

हा दुसरा दिवस. इथे ताई कॅमेऱ्याकडे पाठ करून दोनदा खोकतात. त्या वेळी कोणाच्या लक्षात आलं नाही. संकलनाला बसलो तेव्हा दिसलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन आला. घसा धरलाय, अंगात कणकण आहे, आज माझ्या जवळ येऊ नका. आणि लगेच, केंद्रावर जाऊन तपासून घेते.

(प्राथमिक आरोग्य केंद्राचा व्हरांडा. मास्क लावलेल्या दोघी.)

या आरोग्यसेविका आणि या ताई. आतली खोली रिकामी आहे, पाऊस वळचणीवरून आत येतोय, तरी दोघी व्हरांड्यातच उभ्या आहेत. मोकळ्या हवेत थांबायची सवय २०२०पासूनची, ती दोघींच्या अंगात मुरलेली आहे.

आता ही तपासणी नीट बघू. ताईंनी ती इतरांची किती वेळा करवून घेतली असेल, गणती नाही. कापसाची काडी एका नाकपुडीत घालून पाच वेळा गोल फिरवायची, मग दुसरीत. डोळ्यांत पाणी येतं, येऊ द्यायचं. काडी छोट्या नळीतल्या द्रावणात बुडवून घुसळायची आणि नळी बाहेरून चिमटीत दाबून कापूस पिळून काढायचा. नळीला टोपण, टोपणाला बारीक भोक. त्यातून मोजून थेंब पट्टीच्या खळग्यात. ओल कागदावरून हळूहळू पुढे सरकते. सी या अक्षरासमोर रेघ उमटली तर तपासणी व्यवस्थित झाली असं समजायचं. टीसमोर उमटली तर विषाणूचं प्रथिन सापडलं.

पंधरा मिनिटं थांबायचं असतं. तेवढा वेळ आम्ही पट्टीवरून कॅमेरा हलवला नाही. ही सीची रेघ, ठसठशीत. टीच्या जागी आधी काहीच नाही. मग ओला डाग पडावा तसं काहीतरी. मग गुलाबी, फिकट, पण रेघच. फिकट रेघ म्हणजे थोडा कोविड असं नसतं, रेघ दिसली की कोविड, हे ताईंनी या गावाला समजावून सांगितलेलं आहे.

पुण्यात महाराष्ट्रातले पहिले रुग्ण सापडले ९ मार्च २०२०ला. त्याला सव्वापाच वर्षं झाल्यावर, जून २०२५मध्ये, ताई पहिल्यांदा पॉझिटिव्ह आल्या.

(जुना मोबाइल, काचेला तडा. अंगठा एकेक फोटो सरकवतो.)

मधल्या वर्षांत आम्ही इथे नव्हतो. हा फोन होता. रोजचा अहवाल फोटोसकट ग्रुपवर टाकावा लागे, म्हणून ताईंनी फोटो काढले. बऱ्याच फोटोंत खाली त्यांची स्वतःची सावली पडलेली आहे.

मे २०२०. मुंबईतून चाकरमानी गावाकडे निघाले. काही गाडीनं आले, काही चालत. ही गावची शाळा. बाकं एका भिंतीला रचलीत, जमिनीवर चटया, फळ्यावर मास्तरांच्या अक्षरातला मार्चमधला सुविचार तसाच. चौदा दिवस इथे राहायचं होतं. ताई रोज सकाळ-संध्याकाळ यायच्या, दाराबाहेर उभ्या राहून एकेकाला बोलावायच्या आणि कपाळासमोर तापमापक धरायच्या. वहीतले रकाने त्यांनी हातानं आखलेत. नाव, वय, कुठून आला, कधी आला, ताप, खोकला, सही. सुरुवातीला इथले नमुने तपासायला मिरजेला जायचे. अहवाल येईपर्यंत शाळेतल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना धीर द्यायचं कामही ताईंच्याच गळ्यात. कोणाच्या घरी आई, कोणाच्या घरी बाळंतीण, निरोप इकडून तिकडे नेणारी एकच बाई.

(फोटो: उडालेले पत्रे, आडव्या पडलेल्या पोफळी.)

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि दापोली-मंडणगडनं त्याचा मार खाल्ला. शाळेवरचे पत्रे गेले. विलगीकरणातली माणसं भर पावसात दुसरीकडे हलवायची होती, अंतर ठेवून. पोफळी आणि माड आडवे, वीज नाही, फोनला रेंज नाही. या फोटोत वहीचं पान चुलीजवळ वाळत घातलंय. वही दोन पिशव्यांत ठेवायची सवय त्या दिवसापासूनची.

सप्टेंबर २०२०, माझे कुटुंब, माझी जबाबदारी. १५ सप्टेंबरला मोहीम सुरू झाली. आता ताईंच्या हातात ऑक्सिमीटर आला. शेतातून आलेल्या माणसाची बोटं गार पडलेली असतात, त्यात चिखल. यंत्र भलतेच आकडे दाखवी किंवा काहीच दाखवत नसे. ताई त्या माणसाला हात धुऊन चुलीपाशी शेकायला बसवायच्या आणि मग बोटाला चिमटा लावायच्या. हे त्यांना कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. पाच वाड्यांतल्या बोटांवर त्या स्वतः शिकल्या.

या सगळ्या कामासाठी केंद्र सरकारकडून आशांना महिना एक हजार रुपये जादा मिळत. दिवसाला तेहतीस रुपये आणि काही पैसे.

(लसीकरणाचं कार्ड. घडीवर फाटलेलं, चिकटपट्टी लावलेलं.)

१६ जानेवारी २०२१ला लसीकरण सुरू झालं, आधी आरोग्य कर्मचाऱ्यांचं. हे ताईंचं कार्ड. कोव्हिशिल्डचे दोन डोस, आणि २०२२च्या जानेवारीत तिसरा. गावात लस घ्यायला लोक बिचकत होते तेव्हा ताई हे कार्ड पिशवीत घेऊन फिरल्या. म्हणून ते घडीवर फाटलंय.

एप्रिल आणि मे २०२१चे फोटो फोनमध्ये नाहीत. गावातली चार माणसं त्या दोन महिन्यांत गेली.

(बातम्यांची कात्रणं.)

१५ जून २०२१ला राज्यातल्या सुमारे सत्तर हजार आशा संपावर गेल्या. आठवडाभरानं तोडगा निघाला, जुलैपासून महिना हजार रुपये वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता. पुढच्या वर्षी, २२ मे २०२२ला, जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा जिनिव्हात गौरव केला. ५ मे २०२३ला त्याच संघटनेनं कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. शाळेतल्या चटया त्याच्या कितीतरी आधीच गुंडाळल्या गेल्या होत्या. ताईंच्या फेऱ्या चालूच होत्या.

मग एवढ्या काळात त्यांना तो झाला कसा नाही? गावात हा प्रश्न अनेकांनी आम्हाला विचारला. कोणी देवीचा कौल सांगितला, कोणी काढा. मला यात दोन-तीन गोष्टी दिसतात. ताई कोणाच्या घरात जात नव्हत्या. कोकणातल्या घराला अंगण असतं, पडवी असते, आणि त्यांचं सगळं काम तिथेच व्हायचं. विषाणू श्वासातून हवेत मिसळतो, बंद खोलीत साचतो, उघड्यावर विरून जातो. दुसरं, मास्क. हे सगळे फोटो बघा, नाकाखाली उतरलेला मास्क त्यांच्या तोंडावर एकदाही दिसणार नाही. आणि तिसरी शक्यता अशी, की तो आधीच कधीतरी येऊन गेला असेल, लक्षणं न दाखवता. तीनदा तपासणी झाली, तिन्ही वेळा निगेटिव्ह, पण दोन तपासण्यांच्या मधल्या दिवसांचं कोण सांगणार?

रक्त तपासून हे कळू शकतं, निदान काही काळ. कोव्हिशिल्डमुळे शरीर विषाणूच्या फक्त बाहेरच्या, काट्यासारख्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, बनवायला शिकतं. विषाणूच्या आतल्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली, तर ती लसीमुळे आलेली नसतात, लागण झाल्यामुळे आलेली असतात. पण ती ओसरत जातात. ताईंचं रक्त तेव्हा कोणी तपासलं नाही. म्हणून पहिल्यांदा म्हणायचं ते वहीत नोंद झालेलं पहिल्यांदा.

(वहीचं पान, जवळून.)

ही ती नोंद. स्वतःचं नाव, वय शेहेचाळीस, ताप एकशे एक, घसा, अंगदुखी, रॅपिड पॉझिटिव्ह. अक्षर नेहमीसारखंच आहे. कुठून आला या रकान्यात त्यांनी आडवी रेघ मारली आहे. पाऊस लवकर लागला, दारं-खिडक्या लावून घरं बंद झाली, एका बारशाला माजघरात पन्नास माणसं होती, तालुक्याला बंद हॉलमध्ये बैठक झाली. यातलं कुठलंही असू शकेल.

२०२५च्या मे-जूनमध्ये देशभर पुन्हा रुग्ण वाढले होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेसारख्या प्रयोगशाळांत नमुन्यांची जनुकीय तपासणी होत होती आणि एलएफ.७, एनबी.१.८.१ अशी विषाणूच्या उपप्रकारांची नावं बातम्यांत येत होती. दोन्ही जेएन.१ या आधीच्या उपप्रकाराच्या कुळातली. तीन डोस घेतलेल्या शरीराची विषाणूशी जुनी ओळख असते, म्हणून बहुतेकांना हा आजार घसा, ताप आणि अंगदुखीवर निभावतो. ताईंनाही निभावला. डॉक्टरांनी पाच दिवस वेगळं राहायला सांगितलं.

(घराची मागची पडवी. चटई, पाण्याचा तांब्या, फोन. पन्हळीतून पाणी.)

घरातली मंडळी पुढच्या दारानं, ताई मागच्या. ताट उंबऱ्यावर ठेवलं जायचं. लेक लांबूनच विचारायची, आई, भात अजून देऊ? हे आम्ही अंगणातून, लांबच्या भिंगानं टिपलंय. ताप दोन रात्री होता, तिसऱ्या दिवशी उतरला.

फोन मात्र एकदाही खाली ठेवलेला दिसत नाही. पलीकडच्या वाडीत एक बाळ होतं, बारा दिवसांचं, जन्मताना अडीच किलोचं. बाळंतपण दवाखान्यात झालं असलं, तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशानं घरी जाऊन बाळ बघायचं असतं. वजन, ताप, बेंबी, दूध ओढतंय का, श्वास किती. सगळ्या फेऱ्या पुऱ्या झाल्या की अडीचशे रुपये. चौदावा दिवस जवळ आला होता आणि ताई पडवीत होत्या. त्यांनी आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांना फोन केला, शेजारच्या गावच्या आशाताईंना केला, मग बाळाच्या आजीला. व्हिडिओवर बाळ दाखवायला लावलं, कपडा वर करून पोट दाखवायला लावलं, आणि मिनिटभर श्वास मोजले. त्यांचे ओठ हलताना दिसतात.

मला इथे एक गोष्ट सांगायचीच आहे. महासाथीत सरकारनं आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी पन्नास लाखांचा विमा काढला. त्यात आशाही होत्या, आणि ते योग्यच केलं. तो विमा मृत्यूचा होता. पडवीतल्या या पाच दिवसांसाठी ताईंना भरपगारी रजा नाही. जेवढं काम, तेवढा मोबदला, असा ज्या कामाचा हिशोब, त्यात आजारी पडायला जागाच ठेवलेली नाही. दारोदार जाऊन ताप मोजणाऱ्या बाईला ताप आला तर तिच्या घरात त्या आठवड्यात पैसे यायला हवेत. ही मागणी मोठी नाही.

त्या महिन्याचा मोबदला कमी आला. खोकला तीन आठवडे राहिला. वीस मिनिटांची पाखाडी पस्तीस मिनिटांची झाली आणि मध्ये दोनदा टेकावं लागलं, ते तुम्ही बघताच आहात.

(पाखाडी. ताई दगडावर बसल्या आहेत. उठतात. साकव. पलीकडचं अंगण.)

एकविसावा दिवस. मास्क लावूनच त्या पडवीपर्यंत आल्या. आत या म्हणून घरातल्यांनी दोनदा आग्रह केला, पण त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, हवेतच वाळवले. आजीनं बाळ बाहेर आणलं. ताईंनी काटा आधी रिकाम्या झोळीसकट शून्यावर आणला, मग बाळ झोळीत ठेवलं आणि काटा डोळ्यांच्या रेषेत उचलला. आजीचे दोन्ही हात झोळीखाली.

काटा हलतो. थांबतो. तीन किलो शंभर.

ताई वहीत लिहितात, वही पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. श्वास मोजायचा राहिलाय. त्या घड्याळाकडे बघत बाळाच्या पोटावर नजर ठेवतात.

(बाळाचं पोट, जवळून. पावसाचा आवाज.)