कागदाचा राक्षस, कागदाचा भोपळा

(दृश्य: गोव्यातल्या डिचोलीतलं कौलारू घर. बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओसरीवर, रद्दीचा ढीग, भोवती मुलं. एका कोपऱ्यात बांबूच्या कामट्या.)

निवेदन:

2024 साली नरकचतुर्दशी 31 ऑक्टोबरला आली. गोव्यात पहाटे नरकासुराचे पुतळे जळाले आणि त्याच दिवशी रात्री, जगाच्या पार दुसऱ्या टोकाला, उंबऱ्याउंबऱ्यावर कोरलेल्या भोपळ्यांत दिवे लागले. हॅलोवीनची तारीख ठरलेली असते, आपली तिथी सरकत राहते. पुढच्याच वर्षी, 2025मध्ये, नरकचतुर्दशी 20 ऑक्टोबरला होती. त्यामुळे दोन सण एकाच दिवशी गाठ घालतात ते क्वचितच. या घरातल्या मुलांना मात्र त्याची फिकीर नाही. त्यांची दोन्हींची तयारी एकाच ढिगातून, एकाच कात्रीने चाललेली असते.

हॅलोवीन त्यांना कार्टूनमधून कळलं. वटवाघळं, कोळ्याची जाळी, हसणारा भोपळा. शेजारच्या ख्रिस्ती घरातली दोन भावंडंही इथे रोज येतात. त्यांच्या घरी या दिवसांचा अर्थ वेगळा आहे: 1 नोव्हेंबर सगळ्या संतांचा दिवस, 2 नोव्हेंबर मेलेल्यांच्या आठवणीचा. त्या दिवशी ती आईबाबांबरोबर सिमितेरीत जातात, आजोबांच्या थडग्यावर फुलं ठेवतात, मेणबत्ती लावतात. हॅलोवीन म्हणजे याच संतांच्या दिवसाची आदली रात्र. तिच्यामागे आयर्लंड-स्कॉटलंडकडची फार जुनी, सुगी संपून हिवाळा लागतानाची प्रथा आहे. तिकडे सलगमाचे कंद कोरून त्यात दिवा ठेवत. एकोणिसाव्या शतकात आयरिश माणसं अमेरिकेला गेली, तिथे त्यांना मोठा, कोरायला सोपा भोपळा मिळाला, आणि सलगम मागे पडला.

आणि कागद? तो अमेरिकेतच या सणात शिरला. मॅसॅच्युसेट्समधली डेनिसन नावाची कंपनी क्रेप पेपर बनवत असे. 1909 साली तिने हॅलोवीनची सजावट कागदातून कशी करायची, याची पुस्तिका काढली. कागद खपावा हा हेतू उघड होता. पण त्यातून काळा आणि नारिंगी कागद घराघरांत गेला आणि सणाचे रंगच ठरून गेले.

(दृश्य: हात. काळा घोटीव कागद दुमडला जातो.)

सुरुवात वटवाघळाने. काळा घोटीव कागद मधोमध दुमडायचा आणि घडीच्या बाजूने अर्धंच वटवाघूळ काढायचं: एक कान, अर्धं डोकं, एक पंख. कापून उलगडलं की दुसरी बाजू आपोआप येते. सहा वर्षांच्या मुलाला हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा तो हातातलं काम सोडून पुन्हा दुमडतो, पुन्हा उलगडतो. त्याला घाई करू नये. पंखांना दोन उलटसुलट घड्या दिल्या की ते भिंतीवर चिकटून न बसता पुढे येतात, आणि दोऱ्याने पडवीत टांगले की वाऱ्यावर हलतात.

जाळं थोडं अवघड. चौकोनी कागद कोपऱ्याला कोपरा जुळवून त्रिकोणी दुमडायचा, मग आणखी दोनदा. आता एका घडीकडून आत, किंचित वक्र, अशा चिंचोळ्या फटी कापायच्या आणि दुसऱ्या घडीच्या बोटभर अलीकडे थांबायचं. थांबलं नाही तर हातात जाळ्याऐवजी तुकडे येतात. इथे बहुतेकांचे आधी तुकडेच आले. ते ढिगात परत गेले.

(दृश्य: नारिंगी पट्ट्या, फेव्हिकॉल, पाट.)

भोपळ्यासाठी नारिंगी कार्डशीटच्या सहा पट्ट्या. प्रत्येक 30 सेंटिमीटर लांब, दोन रुंद. सगळ्या मधोमध एकमेकींवर चांदणीसारख्या चिकटवायच्या, मग टोकं उचलून वर एकत्र आणायची. इथे सातवीतल्या ताईने गणित काढलं. पट्टीची लांबी म्हणजे गोळ्याचा घेर, घेराला पायने (π) भागलं की व्यास. चिकटवायला जाणारी टोकं सोडली तर साधारण नऊ सेंटिमीटर. तिने पट्टीने मोजून पाहिलं आणि बरोबर आलं म्हणून सगळ्यांना दाखवत फिरली. मग गोळा वरून तळहाताने हलकेच दाबायचा, म्हणजे चेंडूचा भोपळा होतो. देठाला हिरव्या कागदाची गुंडाळी. डोळे, तोंड काळ्या कागदाचे.

खरा भोपळा या घरात खिरीत आणि भाजीत जातो. तो कोरून उंबऱ्यावर वाळत ठेवणं आजीला मान्य नाही, आणि ते बरोबरच आहे. कागदाचा भोपळा पुढच्या वर्षीही उरतो.

(दृश्य: आजी पायरीवर बसलेली. मुलं तिच्याभोवती.)

भुतांच्या माळेची वेळ आली तेव्हा एकाने सुचवलं की आपण आपल्याकडचं भूत करूया. देवचार करूया. खांद्यावर घोंगडी, हातात दांडा. सगळ्यांना ते आवडलं. आजी मात्र हातातलं काम ठेवून उठून आली.

"देवचार भूत न्हय, बाळा. तो राखणदार. रातीचा गावाच्या शिवेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घराकडे आणून सोडतो. त्याची सोंगं काढायची नाहीत."

"मग कुणाची काढायची?"

"नरकासुराची काढा. हवी तेवढी."

मुलांनी वाद घातला नाही. गोव्यातल्या कितीतरी गावांत देवचाराला आजही मान आहे, त्याला दिलं जाणारं देणं वर्षाच्या वर्षाला पोचतं. आपल्या मातीत कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे मुलांना कुठल्या पुस्तिकेतून कळणार नाही. ते सांगायला घरात कुणीतरी लागतं. मला हा त्या दिवसातला सगळ्यात मोलाचा क्षण वाटला. माळेत मग साधी पांढरी, गोल डोळ्यांची भुतंच आली. पंख्यासारखा दुमडलेला कागद, आणि हात मात्र घडीपर्यंत न्यायचे, म्हणजे उलगडल्यावर सगळी एकमेकांचा हात धरून उभी राहतात.

(दृश्य: ओली माती, पाटावर चेहऱ्याचा साचा.)

आता नरकासुर. इथे थांबून बघायला हवं, कारण हीच या बाल्कांवाची खरी कला आहे.

पुराणातला नरक हा भूमीचा पुत्र, प्राग्ज्योतिषपूरचा राजा. माजला, आणि कृष्णाच्या हातून संपला. देशात ही गोष्ट सगळीकडे सांगतात. पण आदल्या रात्री गावागावांत, वाड्यावाड्यांवर त्याचे पुतळे उभे करायचे आणि पहाटे जाळायचे, ही रीत गोव्याची. पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा इथे मोठ्या स्पर्धा होतात. दोन मजले उंच, मान हलवणारे राक्षस. ते मोठ्यांचे. लहान मुलांचा असतो तो कमरेएवढा, फार तर आपल्या उंचीचा, आणि त्याचा मुखवटा बाजारातून आणायचा की घरी करायचा, यावर घरोघरी खल होतो. बाजारात ते रांगेने टांगलेले असतात, देखणेही असतात. तरी जमेल त्याने घरीच करावा असं मी म्हणेन.

डिचोली मातीकामासाठी ओळखली जाते, त्यामुळे माती मिळायला अडचण नाही. पाटावर मातीचा चेहरा घडवायचा: कपाळ पुढे, नाक जाड, गाल फुगीर. बारकावे नकोत, कागदाखाली ते बुडतात. पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा, खळ न लावता. त्यामुळे शेवटी मुखवटा मातीपासून सुटतो. त्यानंतर मैद्याच्या खळीचे थर. जुनी माणसं खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. ते विषारी असतं, मुलांच्या कामात नको. मुखवटा तसाही जळणार आहे.

कागद कापायचा नाही, फाडायचा. कापलेली कड रंगाखालूनही रेघेसारखी दिसते. फाटलेल्या कडेचे तंतू सुटे होतात आणि शेजारच्या तुकड्यात मिसळून जातात. फाडताना मुलांना आणखी एक गंमत सापडली: वर्तमानपत्र एका दिशेने सरळ पट्टी देतं, दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं फाटतं. कागद यंत्रावर धावत तयार होतो तेव्हा त्याचे बरेचसे तंतू धावण्याच्या दिशेने निजतात. त्या दिशेने फाडलं की तो विरोध करत नाही.

आणि थर मोजायचे कसे? त्याची युक्ती या घरात अशी आहे. एक थर मराठी पेपरचा, पुढचा इंग्रजी पेपरचा. मराठीवर इंग्रजी चढवताना जिथे देवनागरी दिसते तिथे कागद लागायचा राहिला, हे लहानातल्या लहान मुलालाही कळतं. असे पाच-सहा थर. काही तास राक्षसाच्या गालावर बाजारभाव असतात आणि कपाळावर क्रिकेटचा धावफलक.

(दृश्य: आभाळ भरून आलेलं. मुखवटे पडवीत आत घेतले जातात.)

वाळवणं हे गोव्यात सगळ्यात कठीण. परतीचा पाऊस ऑक्टोबरात कधी गाठेल सांगता येत नाही, आणि तो नसला तरी हवा दमट. सगळे थर एकदम दिले तर वरून कोरडा दिसणारा मुखवटा आतून आंबतो, बुरशी धरतो. म्हणून दिवसाला दोनच थर. ऊन पडलं की अंगणात, ढग आले की आत. शेवटी साच्यावरून काढून आतली बाजूही उन्हाला दाखवायची. बोटाच्या पेराने वाजवल्यावर टणक आवाज आला की झाला.

मग रंग. मिशा कुणी काढायच्या यावर भांडण, सुळे जाड पुठ्ठ्याचे. एक डोळा मोठा झाला, एक लहान. घरातली एक ताई ब्रश घेऊन तो सारखा करायला पुढे आली. तिला मुलांनी अडवलं. मोठ्यांनी इथे हात आवरावा. मुलाने काढलेला वाकडा डोळा सरळ केला की त्या मुखवट्यातलं मूल निघून जातं.

सगळ्यात धाकटी चार वर्षांची. रंग चढेपर्यंत ती मजेत होती, डोळे उघडले तशी आईच्या मागे लपली. कुणी तिला "घाबरू नको" म्हटलं नाही. तिला लाल कागदाची जीभ दिली आणि ती चिकटवायचं काम तिचं, असं सांगितलं. ती लांबूनच आली, जीभ लावली, दाबून धरली. संध्याकाळी तीच त्याच्या तोंडात बोट घालून बघत होती. भीतीला आपल्या हाताने जीभ लावता येते, हे तिला कळलं असेल का, मला सांगता येत नाही. पण बोट आत होतं, हे मी पाहिलं.

धड सोपं असतं. बांबूची चौकट, जुना शर्ट, जुनी विजार, आत पेंढा आणि उरलेली रद्दी. थर्माकोल नाही, प्लॅस्टिकचे दागिने नाहीत. ते जळताना काळा, घशाला झोंबणारा धूर सोडतात, आणि भोवती मुलंच उभी असतात. फटाकेही आत भरायचे नाहीत. मुकुट जिलेटिनऐवजी सोनेरी रंग दिलेल्या पुठ्ठ्याचा.

(दृश्य: पहाट. वाड्यावरची मुलं. आग.)

मुखवटा काढून ठेवायचा की जाळायचा, यावर आदल्या रात्री मत घेतलं गेलं. एवढे दिवस खपून केलेला. काहींचा जीव होत नव्हता. पण बहुमताने ठरलं की चेहरा नसलेला नरकासुर जाळण्यात अर्थ नाही. कागद आणि पेंढा, काही क्षणांत संपतो. मग घरी उटणं, न्हाणं, पायाखाली कारीट फोडणं, आणि न्याहारीला फोव, म्हणजे पोहे: दुधातले, ताकातले, गुळाचे, रोसातले (नारळाच्या रसातले). शेजारची ख्रिस्ती भावंडंही पाटावर होती.

काळी वटवाघळं पडवीत राहिली आहेत. भोपळे कपाटावर. कोपऱ्यातल्या कामट्यांतल्या निम्म्या आकाशकंदिलाला लागल्या, त्यावर पतंगाचा कागद ताणून बसवला, आत मेणबत्तीऐवजी छोटा दिवा सोडला. उरलेल्यांवर त्या भावंडांनी हक्क सांगितला आहे. नाताळच्या नक्षत्राला, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या कंदिलाला, लांब कामट्या दहा लागतात: पाच-पाचांच्या दोन चांदण्या, टोकाला टोक बांधायचं, आणि आतल्या पाच कोपऱ्यांत पाच आखूड काड्या अडकवायच्या, म्हणजे नक्षत्र फुगतं. मोजल्या तर लांब नऊच भरल्या. दहावी कुणाच्या बांबूच्या बेटातून तोडायची, यावर सध्या बोलणी चालू आहेत.