खाच जुळली, पुढे काय?

नमस्कार. समोरच्या टेबलावर एक उघडा कॉम्प्युटर ठेवलाय, शेजारी वायरींचा गुंता आहे आणि एका डबीत मेमरी कार्डं आहेत. यातल्या प्रत्येक वस्तूचं नाव तुम्हाला आजच पाठ व्हावं असा माझा आग्रह नाही. मला एकच गोष्ट तुमच्यापर्यंत पोचवायची आहे. वस्तू खाचेत बसणं वेगळं आणि बसल्यावर तिथे चालणं वेगळं. या दोहोंची गल्लत झाली की पैसे जातात, वेळ जातो आणि कधीकधी घरातले जुने फोटोही जातात. त्या शेवटच्या नुकसानीसाठीच मी हा विषय इतक्या तळमळीनं मांडतोय.

आधी हा डबा पाहू. ही मोठी पाटी म्हणजे मदरबोर्ड. पंख्याखाली दडलाय तो प्रोसेसर. शेजारी उभ्या खोचलेल्या लांबट पट्ट्या म्हणजे रॅम. रॅम आणि स्टोरेज या दोघांनाही आपण सरसकट ‘मेमरी’ म्हणतो. ‘मोबाइलची मेमरी फुल झाली’ असं म्हणतो तेव्हा भरलेलं असतं ते स्टोरेज. तुम्ही एक पत्र टाइप करताय, सेव्ह केलेलं नाही आणि वीज गेली, तर ते पत्र गेलं, कारण ते रॅममध्ये होतं. सेव्ह केलं असतंत तर ते स्टोरेजवर उतरलं असतं आणि वीज आल्यावर जागच्या जागी सापडलं असतं.

आता यूएसबीची ही जुनी चपटी पिन हातात घ्या आणि उजेडाकडे धरून आत बघा. चार सोनेरी पट्ट्या दिसतात ना? कडेच्या दोन जरा पुढे आल्यात, मधल्या दोन मागे आहेत. कडेच्या विजेच्या, मधल्या माहितीच्या. पिन आत सरकवताना आधी वीज जोडली जाते आणि मग माहितीच्या तारा जुळतात. काढताना उलटं होतं, वीज शेवटी सुटते. चालू कॉम्प्युटरला माउस लावता-काढता येतो, त्यामागे हा एवढासा फरक आहे. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हापासून मी कुठलीही पिन आत डोकावल्याशिवाय लावत नाही.

यूएसबी 1996 साली आलं. त्याआधी कीबोर्डची पिन वेगळी, प्रिंटरची वेगळी, माउसची वेगळी असायची. इंटेलमध्ये अजय भट्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्यांसाठी एकच जोडणी असावी म्हणून काम केलं. पहिल्या यूएसबीचा वेग सेकंदाला 12 मेगाबिट होता. 2000 सालच्या दुसऱ्या आवृत्तीत तो 480 झाला आणि 2008 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत 5 गिगाबिटवर गेला. हे आकडे बिटचे आहेत, बाइटचे नाहीत. आठ बिट म्हणजे एक बाइट, म्हणून 480 ला आठानं भागलं की 60 मेगाबाइट उरतात, आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी पदरात पडतात. बाहेरचा आकार मात्र तोच राहिला. त्यामुळे नवा पेन ड्राइव्ह जुन्या पोर्टमध्ये सहज बसतो, पण चालतो जुन्या वेगानं.

टाइप-सीमध्ये ही अडचण अधिक जाणवते. ही लंबगोल, उलटसुलट कशीही लागणारी पिन 2014 साली आली. तिच्या पोर्टमध्ये 24 संपर्कबिंदू आहेत. पण केबलमध्ये तेवढ्या तारा असतीलच असं नाही. फोनच्या चार्जरबरोबर मिळणाऱ्या पुष्कळ केबल्समध्ये वीज आणि यूएसबी 2 पुरत्याच तारा असतात. अशा केबलनं लॅपटॉप मॉनिटरला जोडला तर पडदा काळाच राहतो. माणूस म्हणतो, मॉनिटर बिघडला. मॉनिटर ठणठणीत असतो. चित्र वाहून नेणाऱ्या ताराच त्या केबलमध्ये नसतात.

टीव्ही-मॉनिटरला लागणारी एचडीएमआय पिन आणि खटक्याची नेटवर्कची पिन यांत फारशी गफलत होत नाही, म्हणून ती सोडून पुढे जातो. पण ही च्युइंगगमच्या पट्टीएवढी एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारं स्टोरेज, जरूर पाहा. हिच्यावर 2280 लिहिलंय, म्हणजे रुंदी 22 मिलिमीटर आणि लांबी 80. या खाचेचं नाव एम डॉट टू. अगदी याच मापाच्या एसएसडी दोन बोलीत बोलतात. साटा बोलीतली सेकंदाला साधारण 600 मेगाबाइटच्या पुढे जात नाही, एनव्हीएमई बोलीतली त्याच्या कितीतरी पट जाते. तुमच्या मदरबोर्डला कुठली बोली समजते ते त्याच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. विकत घेण्याआधी ते पान उघडा.

आता ही कार्डांची डबी. एकदा एक ताई जुना कॅमेरा घेऊन आल्या. नवं 64 जीबीचं कार्ड टक्कन आत बसत होतं, पण पडद्यावर दर वेळी ‘कार्ड एरर’. कॅमेरा टाकून द्यायचं त्यांनी ठरवलंच होतं. मी या डबीतलं 2 जीबीचं जुनं कार्ड घातलं आणि कॅमेरा सुरू झाला. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. झालं होतं असं, की एसडी कार्ड 1999 साली आलं तेव्हाची रचना 2 जीबीपर्यंतचीच होती. 2006 साली एसडीएचसी आलं, ते 32 जीबीपर्यंत. 2009 सालचं एसडीएक्ससी 2 टीबीपर्यंत जातं. आकार तिन्हींचा एकच, 32 बाय 24 मिलिमीटर. नवं यंत्र जुनं कार्ड वाचतं. जुन्या यंत्राला नव्या कार्डाची मांडणीच कळत नाही.

आणि इथेच फोटो जातात. न कळलेल्या कार्डाबद्दल यंत्र विचारतं, ‘फॉरमॅट करायचं का?’ म्हणजे आधीचं पुसून कार्ड नव्यानं मांडायचं का. कार्डावर काही हवंसं असेल तर ‘नाही’ म्हणा, कार्ड काढा आणि दुसऱ्या, नव्या यंत्रात घालून पाहा.

कार्डाच्या कडेला ही इवलीशी सरकती पट्टी आहे. ती खाली ओढली की कार्ड ‘लॉक’ होतं असं आपण मानतो. पण कार्डातल्या चिपला या पट्टीचा पत्ताच नसतो. पट्टी कुठे आहे ते रीडर, म्हणजे कार्ड जिथे घालतो तो भाग, चाचपतो आणि लिहायचं की नाही ते ठरवतो. पट्टी झिजून तुटली तर कार्ड कायमचं लॉक झाल्यासारखं वाटतं. पट्टीच्या जागी उरलेल्या खाचेवर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावला तर कार्डावर पुन्हा लिहिता येतं.

पाकिटावरचा ठळक आकडा बहुधा वाचनाच्या कमाल वेगाचा असतो. व्हिडिओ काढणाऱ्यांनी बारीक अक्षरातलं व्ही 30 शोधावं. त्याचा अर्थ, सलग लिहिताना सेकंदाला किमान 30 मेगाबाइट. 64 जीबीच्या कार्डावर विंडोज 59.6 जीबी दाखवतं म्हणून कुणी धास्तावू नका. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज 1024 च्या. खोटी कार्डं मात्र खरोखर असतात. आतली चिप 8 जीबीची आणि सांगणार 128. जागा संपली तरी ते कुरकुर करत नाही. उरलेले फोटो कुठेच नीट उतरत नाहीत, किंवा जुन्यांवरच लिहिले जातात. नवं कार्ड एकदा काठोकाठ भरून, सगळं परत वाचून पाहणं हाच त्याचा इलाज.

राहिला चुकून पुसलेला फोटो. पुसताना यंत्र सहसा फक्त कार्डावरच्या यादीतली नोंद खोडतं, फोटो काही काळ तिथेच असतो. त्यावर नवं काही लिहिलं की मग तो गेला. म्हणून चूक लक्षात आल्या क्षणी एकही नवा फोटो काढू नका. कार्ड बाहेर काढून ठेवा आणि फोटो परत मिळवायचं सॉफ्टवेअर दुसऱ्या यंत्रावरून चालवा.

आता टेबलाजवळ या. ज्यांनी जुने कॅमेरे आणलेत त्यांनी आधी. रॅमला हात लावायच्या आधी डब्याच्या उघड्या धातूला स्पर्श करा, अंगावरची स्थिर वीज तिथे उतरू द्या.