आपल्या छपरावर ऊन किती, वारं किती

(जुलैची संध्याकाळ. भाताची शेतं पाण्यानं भरलेली, मागं ढगात अर्धा बुडालेला राजहंसगड. वाऱ्याचा आवाज.)

हा आवाज ऐकताय ना, हा आमच्या बेळगावचा आषाढ. येळ्ळूरच्या शिवारात माझ्या मामाचं घर आहे आणि मामा गेली दोन वर्षं एकच गोष्ट बोलायलेत, "एवढं वारं फुकट चाललंय की रे, एक पवनचक्की बसवून टाकू." गदगला जाताना डोंगरावर त्या उंच पवनचक्क्या दिसतात, साताऱ्याला चाळकेवाडीच्या पठारावर दिसतात, मग आपल्या घरावर एक छोटी का नको? प्रश्न अगदी रास्त आहे, कारण पावसाळ्यात आमच्याकडं ऊन गायब आणि वारं मात्र दिवसरात्र, म्हणजे सोलर झोपलं की पवनचक्की जागी, कागदावर जोडी एकदम झकास जमते. पण कागद वेगळा आणि मामाचं छप्पर वेगळं, म्हणून ठरवलं की पैसे घालायच्या आधी ही जागाच नीट मापायची, आणि ते मापणं घाईत होत नाही, आम्हाला मे ते डिसेंबर लागले.

सुरुवात केली लाईटच्या बिलापासून. बिल कन्नडमधे असलं तरी आकडे सगळ्यांनाच कळतात. मामांच्या घरी दोन बिऱ्हाडं एकाच मीटरवर, फ्रीज, मिक्सर, वॉशिंग मशीन, बोअरची मोटर, महिन्याला 220 ते 240 युनिट. आता कर्नाटकात 2023 पासून गृहज्योती ही घरगुती वीज माफीची सरकारी योजना आहे, त्यात तुमच्या आधीच्या सरासरीवर दहा टक्के धरून जास्तीत जास्त 200 युनिटपर्यंत वीज माफ असते, आणि 200 च्या वर गेलात की पूर्ण बिल भरायचं. म्हणजे ज्यांचं घर 80-90 युनिटवर चालतं आणि बिल शून्य येतं त्यांनी शेजाऱ्यानं बसवलं म्हणून सोलर बसवायची घाई करू नये, हे मी स्पष्टच सांगतो. मामांचं तसं नाही, ते दर महिन्याला पूर्ण बिल भरतात. आणि आधी वापर बघा म्हणायचं कारण असं की जुना पंखा न् गळका पाईप बदलून जे युनिट वाचतात ते पॅनेलपेक्षा स्वस्त पडतात. मामांच्या बोअरच्या पाईपला गळती होती, मोटर उगाच अर्धा तास जास्त चालायची, ती आधी काढली.

आता ऊन.

मे महिन्यात एक पॅनेलवाले गच्ची बघून गेले. दुपारची वेळ, पाच मिनिटं थांबले, मोबाईलवर दोन फोटो काढले आणि म्हणाले कुठंही बसवा, सावलीच नाही. आणि खरंच, त्या वेळी सावली नव्हती! कारण आपलं बेळगाव जवळजवळ सोळा अक्षांशावर आहे, मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि तिथून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या थोडा उत्तरेलाच असतो. म्हणजे मेमधे गच्ची बघून सावलीचा अंदाज बांधणं म्हणजे उन्हाळ्यात ओढा बघून पूर किती येतो ते सांगणं. सावली मापायची ती डिसेंबरात, सूर्य सगळ्यात दक्षिणेला असतो तेव्हा.

(21 डिसेंबर. गच्ची. हातात खडू.)

हे बघा, हा जिना वर येतो ती खोली आणि तिच्यावर पाण्याची काळी टाकी, दोन्ही मिळून 13 फूट. गच्चीच्या दक्षिण कडेला आहे. सकाळी साडेनऊला मी तिच्या सावलीच्या टोकाला खडूनं रेघ मारली, टेप लावला, साधारण 21 फूट, वायव्येकडं. मग दर तासाला एक रेघ. दुपारी साडेबाराला, हो साडेबाराच, कारण आपण देशाच्या पश्चिमेला आहोत आणि घड्याळाचे बारा वाजून गेल्यावर अर्ध्या तासानं इथं सूर्य दिवसातला सगळ्यात उंच येतो, तेव्हा सावली पावणेअकरा फूट सरळ उत्तरेला. साडेतीननंतर नैऋत्येच्या कोपऱ्यातल्या नारळाची सावली गच्चीवर यायला लागते, झावळ्यांची, हलती, बोटांसारखी. मामी म्हणाली, "एवढ्याश्या सावलीनं काय हुतंय?" तर होतं. पॅनेलमधले सेल एकामागं एक जोडलेले असतात, त्यातल्या थोड्या सेलवर सावली पडली तरी त्या ओळीतनं करंट अडतो, पॅनेलमधे बायपास डायोड म्हणून करंटला आडवाट देणारे छोटे भाग असतात, ते ती ओळ वगळून बाकीचं वाचवतात, पण तेवढा भाग गेलाच. पातळ सावलीसुद्धा नळीला बोटानं दाबल्यासारखी असते.

सगळ्या रेघा जोडल्यावर गच्चीवर एक पंख्यासारखा आकार तयार झाला. त्याच्या आत पॅनेल नाही, बाहेर चालेल. बाहेर राहिली ईशान्येकडची जागा, मोजली तर सव्वादोनशे चौरस फूट, एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट लागतात, म्हणजे दोन किलोवॅट बसतात. पॅनेलचं तोंड दक्षिणेला, पंधरा अंशाच्या आसपास उतार, पावसानं धूळ पण धुऊन जाते.

एक किलोवॅटला वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला चार युनिट, दोन किलोवॅटला आठ, महिन्याला 240. मामांच्या बिलाशी आकडा जुळतो. पण ही सरासरी आहे हे डोक्यात ठेवा, जुलैमधे ढग हटत नाहीत तेव्हा उत्पादन निम्म्यावर येतं, कधी त्याच्याही खाली, आणि खानापूरच्या जंगलाकडं गेलात तर आणखी कमी, म्हणूनच नेट मीटर लागतं, उन्हाळ्याचं जास्तीचं हेस्कॉमच्या, म्हणजे आमच्याकडच्या वीज कंपनीच्या लाईनीत जातं आणि हिशोबात धरलं जातं. उन्हाळ्यात भरमसाठ मिळेल असं पण नाही बरं का. पॅनेल तापलं की वीज घटते, 25 अंशाच्या वर दर अंशाला साधारण 0.35 टक्के, एप्रिलच्या दुपारी पॅनेल साठ अंशाला गेलं तर बारा टक्के गेले. आपण साडेसातशे मीटर उंचीवर आहोत, हवा थोडी थंड, तेवढा फायदा मिळतो. आणि अजून एक, बॅटरी नसलेलं साधं सोलर लाईट गेली की आपोआप बंद पडतं, लाईनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. हे लोकांना बसवल्यानंतर कळतं आणि मग वाईट वाटतं.

आता मामांचं वारं.

वाऱ्याचं गणित एका गोष्टीवर आहे, वेग दुप्पट झाला तर ताकद दुप्पट नाही, आठपट होते. तीन मीटर व्यासाची छोटी पवनचक्की घ्या. सेकंदाला तीन मीटरच्या वाऱ्यात ती पंचवीस-सव्वीस वॅट देईल, एखादा एलईडी ट्यूब आणि मोबाईल चार्जर. तेच वारं सहा मीटरचं असेल तर दोनशेच्या वर. म्हणून "आमच्याकडं वारं चांगलंय" ह्या वाक्याला काही अर्थ नाही, किती ते सांगावं लागतं. आणि नुसती सरासरी सांगूनही भागत नाही, दिवसभर चारचं वारं आणि अर्धा दिवस शून्य अर्धा दिवस आठ, दोन्हीची सरासरी चारच, पण दुसऱ्यात ऊर्जा चौपट. ग्लोबल विंड अ‍ॅटलस फुकट बघता येतो, चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे नकाशे आहेत, पण त्यांत नेहमी दिसणारे आकडे शंभर मीटरच्या आसपास उंचीचे असतात, ते वाचून गच्चीवरचा अंदाज काढू नका.

आम्ही काय केलं, वीस फुटी बांबू घेतला, मामीच्या जुन्या साडीचे काठ फाडून दर चार फुटावर एक पट्टी बांधली आणि जुलैमधे तो गच्चीवर उभा केला. बघा हे. सगळ्यात वरची पट्टी पश्चिमेच्या वाऱ्यात पूर्वेकडं ताठ. मधली फडफडते. आणि खालची? गोल गोल फिरते, मधेच उलटी पश्चिमेकडं जाते, बांबूला गुंडाळून बसते. वारं घराच्या भिंतीला धडकून वर उसळतं आणि मागं भोवरे सोडतं, घराच्या दुप्पट उंचीपर्यंत आणि मागं वीसपट अंतरापर्यंत. घर 25 फूट, म्हणजे मागं पाचशे फूट हवा घुसळलेली. अशा वाऱ्यात पाती सारखी दिशा बदलत बसतात, वीज थोडी, झीज जास्त, आणि हादरे स्लॅबला.

ही गोष्ट आजीला आधीच माहीत होती. तिला पट्ट्या दाखवल्या तर म्हणाली, "घरामागं कधी खळं केल्यालं बघितलायसा व्हय?" खळं म्हणजे भात मळून भूस उडवायची जागा, तिथं सुगीत तिपाईवर उभं राहून सुपातनं भात सोडायचं तर वारं एका दिशेनं, एका चालीनं लागतं, भोवऱ्यात भूस परत भातातच. म्हणून त्यांचं खळं कायम उघड्या माळावर. त्या दिवसांत वारं पूर्वेकडनं, पावसात पश्चिमेकडनं, विमानं वाऱ्याला तोंड देऊन चढतात-उतरतात, आणि बेळगावच्या सांब्रा विमानतळाची धावपट्टीसुद्धा साधारण पूर्व-पश्चिमच आहे. नियम असा की आसपासच्या पाचशे फुटातल्या सगळ्यात उंच वस्तूपेक्षा पाती तीस फूट वर पाहिजेत. आपला नारळ पन्नास फूट. म्हणजे ऐंशी फुटाचा मनोरा, त्याला ताणून धरणाऱ्या तारा, फाउंडेशन, दर वर्षी वर चढणारा माणूस. मामा बराच वेळ नारळाकडं बघत राहिले. तो त्यांच्या वडिलांनी लावलेला, तोडायचा विषयच नव्हता, मीही काढला नाही.

सध्या खळ्याच्या जुन्या माळावर दहा मीटरचा पाईप रोवून त्यावर वाट्यांचा वारामापक बसवलाय, दर दहा मिनिटाला नोंद, पूर्ण वर्ष ठेवणार, कारण फक्त पावसाळ्याचे आकडे घेतले तर मामांचंच म्हणणं खरं वाटेल.

सोलर मात्र ठरलं. दोन किलोवॅट, 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेतनं 60 हजार सबसिडी.

(सकाळ. गच्ची. वेल्डिंगची ठिणगी.)

हा वेल्डर पॅनेलच्या स्टँडचा पहिला पाय टाकीजवळ लावणार होता, तिथं पायऱ्या जवळ पडतात, केबल कमी लागते. मामा उठले, चप्पल न घालताच गच्चीवर आले आणि खडूच्या रेघेच्या पलीकडं पाय रोवून उभे राहिले. "हितनं," म्हणाले. "हितनं पुढं."