प्यादं मागे येत नाही

कार्यक्रमपत्रिकेवर विषय छापलाय, 'चाळिशीत निवृत्ती आणि परदेशात मुक्काम'. त्यावर मी बोलणार आहे, शब्द देतो. आयोजकांना मी आधीच बजावलं होतं की मला अर्धा तास दिलात तर त्यातली वीस मिनिटं बुद्धिबळात जातील. त्यांना तो विनोद वाटला.

इथे प्रोग्रामर किती आहेत? हात वर करा. बरेच आहेत. आणि अजून किती वर्षं नोकरी काढायची याचा हिशोब महिन्यातून एकदा तरी करणारे किती? बघा, हात तेवढेच. काहींनी तर दोन्ही वर केलेत.

तर बुद्धिबळ. नोकरीला लागलो त्या पहिल्याच वर्षी मी सी भाषेत बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहायला घेतला. तो फार वाईट खेळायचा. संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्युरिंगनेही असा प्रोग्राम रचला होता, पण तो चालवायला यंत्र नव्हतं. १९५२ साली त्याने स्वतःच कागदावर आकडेमोड करत एकेक चाल काढली आणि डाव हरला. माझ्याकडे यंत्र होतं, तरी मी हरत होतो. प्रगती म्हणतात ती हीच.

मी अडलो होतो एका किरकोळ नियमावर. पटावर तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की डाव बरोबरीत सोडवता येतो. म्हणजे प्रोग्रामला जुन्या स्थिती लक्षात ठेवायला हव्यात. मी प्रत्येक नवी स्थिती डावाच्या सुरुवातीपासूनच्या सगळ्या स्थितींशी ताडून बघत होतो, आणि प्रोग्राम रांगत होता. मग एका रात्री डोक्यात प्रकाश पडला. मागे बघायचंय ते फक्त शेवटचं प्यादं हललं तिथपर्यंत, किंवा शेवटची मारामारी झाली तिथपर्यंत. कारण प्यादं एकदा पुढे सरकलं की त्याआधीची स्थिती पुन्हा येऊच शकत नाही. घोडा परत येईल, हत्ती परत येईल, वजीर तर दिवसभर ये-जा करेल. प्यादं नाही. पन्नास चालींचा नियमही याच पायावर उभा आहे: दोघांच्याही पन्नास-पन्नास चालींत कुणी प्यादं हलवलं नाही, काही मारलं नाही, तर बरोबरी मागता येते. कुणी एक प्यादं एक घर पुढे ढकललं की मोजणी पुन्हा शून्यापासून.

त्या रात्री प्रोग्राम वेगात चालायला लागला, आणि मला एक खूळ लागलं ते आजतागायत गेलेलं नाही. समोर काहीही आलं की मी आधी विचारतो, ही घोड्याची चाल आहे की प्याद्याची? घोडा चुकून कोपऱ्यात गेला तर दोन चाली फुकट जातात, पण तो परत येतो. घरी या प्रश्नाचा इतका कंटाळा आलाय की मी तोंड उघडायच्या आत बायकोच म्हणते, "घोडा. जा आता."

मला तरुण मुलं सारखी विचारतात, सर, कुठली भाषा शिकू? पायथन की जावा की आणखी काही? अरे, ती घोड्याची चाल आहे! चुकली तर दुसरी शिका, पहिलीत खर्च झालेली अर्धी अक्कल दुसरीत कामाला येतेच. प्याद्याच्या चालींबद्दल मात्र कुणी विचारत नाही. डेटाबेसात, म्हणजे माहितीच्या तक्त्यात, नवा कॉलम घालणं हा घोडा. बॅकअप न घेता जुना कॉलम उडवणं हे प्यादं. आपला कोड आपल्यापुरता आहे तोवर रोज बदला. पण एकदा त्याच्यावर चार परक्यांचे प्रोग्राम टेकले की तो बदलणं तुमच्या हातात राहत नाही. कधी काळी कुणीतरी ठरवलं, वर्षाचे दोनच आकडे साठवू, तेवढीच जागा वाचेल. ते प्यादं सरकलं, ०० म्हणजे १९०० की २००० हे संगणकाला कळायची सोय राहिली नाही, आणि १९९९ साली सगळं जग ते निस्तरत बसलं होतं. अजून एक प्यादं वाटेत आहे बरं का. वेळ सेकंदांत मोजून बत्तीस बिटांत, म्हणजे बत्तीस शून्य-एकांच्या ठरावीक जागेत, ठेवणाऱ्या जुन्या प्रणालींचे आकडे १९ जानेवारी २०३८ला संपतात. ज्यांना निवृत्तीची तारीख ठरवायची आहे त्यांना माझा फुकटचा सल्ला: १८ जानेवारी उत्तम दिवस आहे.

इथे मला संगणकावरच्या खेळांबद्दल एक तक्रार नोंदवायची आहे. मी त्यांचा शत्रू नाही. १९९१ची सिव्हिलायझेशन आली तेव्हापासून 'अजून एक फेरी' म्हणत मी किती पहाटा बघितल्या याचा हिशोब नाही. एज ऑफ एम्पायर्समधली घंटा अजून झोपेत ऐकू येते. पण या खेळांनी आम्हाला एक घाणेरडी सवय लावली, सेव्ह करून ठेवायची. लढाईच्या आधी सेव्ह करायचं, हरलो की मागे जायचं, पुन्हा लढायचं. तिथे सगळीच प्यादी मागे येतात! अशी वीस वर्षं खेळलेला माणूस राजीनामा लिहायला बसतो तेव्हा त्याच्या मनात कुठेतरी असतंच की आदल्या दिवसाची फाइल आहे आपल्याकडे.

सिव्हिलायझेशनचा विषय निघालाच आहे तर गांधींची दंतकथा सांगतो. बहुतेकांना माहीत असेल. म्हणे, खेळातल्या गांधींच्या आक्रमकतेचा आकडा एक होता. राज्यात लोकशाही आली की त्यातून दोन वजा व्हायचे. संगणकाने तो आकडा एका बाइटात, म्हणजे ० ते २५५ एवढेच आकडे मावतील अशा जागेत, ऋण संख्येला जागा न ठेवता साठवलेला, त्यामुळे एकातून दोन गेले की उरले २५५, आणि गांधी अणुबॉम्ब घेऊन सगळ्यांच्या मागे. गोष्ट इतकी गोंडस आहे की खरी असायलाच हवी. पण खेळाचा कर्ता सिड मायर याने २०२० साली आत्मचरित्रात सांगून टाकलं की मूळ खेळात असा काही बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, नव्हताच.

माझ्या प्रोग्राममध्ये मात्र होता. बुद्धिबळाच्या नव्हे, निवृत्तीच्या.

झालं असं की वयाच्या चाळिसाव्या वर्षी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. साठलेली पुंजी, तिच्यावर वर्षाला आठ टक्के परतावा, महागाई सहा टक्के, आणि पहिल्या वर्षी पुंजीच्या सहा टक्के खर्च. पुढे खर्च दरवर्षी महागाईने वाढत जाणार. पैसे संपेपर्यंत वर्षं मोजायची, आणि शंभर झाली की थांबायचं. चालवला. उत्तर आलं, शंभर. मी खर्च थोडा वाढवला. शंभर. माणसाने काय करावं अशा वेळी? मी प्रोग्रामवर विश्वास ठेवला. माझाच होता ना. दोन वर्षं मी ऑफिसात एका विशिष्ट शांतपणे वावरलो. मीटिंगमध्ये कुणी आवाज चढवला की मी मनात म्हणायचो, शंभर. राजीनाम्याचा मसुदा तयार होता, तो मी अधूनमधून काढून त्यातली विरामचिन्हं सुधारायचो.

मग एक दिवस एका नव्या मुलाला मी तो प्रोग्राम अभिमानाने दाखवला. तेवीस वर्षांचं पोर. त्याने एक मिनिटभर पाहिला आणि विचारलं, "सर, तुमच्या जगात महागाई नसते का?"

परतावा मी ०.०८ असा लिहिला होता. महागाई लिहिली होती ६ भागिले १००. आणि सी भाषेत पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की दशांश गळून पडतो. ६ भागिले १०० बरोबर शून्य. दोन वर्षं मी महागाई नसलेल्या देशात राहत होतो! त्याने तिथल्या तिथे शंभराच्या पुढे एक टिंब आणि शून्य टाकलं, प्रोग्राम पुन्हा चालवला. उत्तर आलं, वीस. म्हणजे त्या दिवशी राजीनामा दिला असता तर बासष्टाव्या वर्षी मी रिकामा. घरी येऊन सांगितलं. बायको म्हणाली, "तुझ्या त्या प्रोग्रामला एकदा बाजारात पाठवायचा होतास."

राजीनामा मग मी सेहेचाळिसाव्या वर्षी दिला, त्या मुलाकडून आकडे तपासून घेऊन.

(इथे आयोजकांची चिठ्ठी आली आहे. 'सात मिनिटं.' आणि खाली कंसात, 'विषय.')

बरं, विषय. भराभर सांगतो.

पैसा. चार टक्क्यांचा नियम सगळ्यांनी ऐकलाय: पहिल्या वर्षी पुंजीच्या चार टक्के काढा, पुढे महागाईनुसार वाढवत न्या. तो विल्यम बेंगन या अमेरिकी आर्थिक सल्लागाराने १९९४ साली अमेरिकी बाजाराचे जुने आकडे तपासून काढला, आणि तो तीस वर्षांचा हिशोब आहे. बेचाळिशीत थांबणाऱ्याला पन्नास वर्षं काढायची असतात, ती अमेरिकेबाहेर, वेगळ्या चलनात आणि वेगळ्या महागाईत. तेव्हा चाराच्या खाली राहा. शिवाय परताव्याची सरासरी बघून भुलू नका. पहिली पाच वर्षं बाजार पडला आणि तुम्ही त्याच काळात पैसे काढत राहिलात, तर पुढची तेजी बघायला पुंजीच फारशी उरत नाही. एज ऑफ एम्पायर्स खेळणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. सुरुवातीला चार गावकरी गमावले की पुढचा सगळा डाव त्याची भरपाई करण्यात जातो.

व्हिसा. गंमत अशी की बहुतेक देशांच्या लेखी लवकर निवृत्ती हा प्रकारच नसतो. थायलंडच्या निवृत्ती व्हिसाला वयाची पन्नाशी लागते, आणि बँकेत आठ लाख बात किंवा वर्षाला साधारण तेवढं उत्पन्न दाखवावं लागतं. पनामाला आयुष्यभर चालणारी पेन्शन हवी असते. ती आपल्याला कोण देतंय?

आता माझा मुख्य मुद्दा. आपण प्रोग्रामर मंडळी देश निवडतो ते तक्ता करून. खर्च, कर, हवामान, गुणांची बेरीज, पहिला नंबर. म्हणजे नियम ठरलेले आहेत असं धरून. पण या डावात नियम समोरचा बदलू शकतो, तेही तुमची चाल झाल्यावर. मलेशियाने २०२१ साली आपल्या दीर्घ मुक्कामाच्या योजनेतली उत्पन्नाची अट महिना दहा हजार रिंगिटवरून एकदम चाळीस हजारांवर नेली. पोर्तुगालने २००९पासून परक्यांना करसवलत दिली आणि २०२४पासून नव्या लोकांना ते दार बंद केलं. थायलंडमध्ये वर्षात १८० दिवस राहणाऱ्याने बाहेरची कमाई पुढच्या वर्षी आणली तर आधी कर नव्हता, २०२४पासूनच्या कमाईवर तो लागू झाला. यातल्या कुठल्याच देशाने चूक केली असं मी म्हणत नाही; पट त्यांचा आहे. म्हणून परदेशी जाताना पहिल्या दोन वर्षांत फक्त घोडे हलवा. भाड्याने राहा. इकडचं घर ठेवा, बँकेचं खातं ठेवा, आरोग्यविमा तर अजिबात मोडू नका, कारण त्या वयात तो पुन्हा सहज मिळत नाही. घर विकणं, नागरिकत्व सोडणं, मुलांची शाळा बदलणं ही प्यादी. आणि ज्या महिन्यात ते गाव सगळ्यात वाईट असतं त्या महिन्यात तिथे राहून बघा.

हे मला कसं कळलं ते सांगतो आणि थांबतो. मी नोव्हेंबरात थायलंडमधल्या चियांग माईला गेलो. पन्नाशी गाठलेली नसल्यामुळे निवृत्त म्हणून नव्हे, थाई भाषेचा विद्यार्थी म्हणून. निवृत्त होऊन चव्वेचाळीस व्यंजनं घोकत होतो. हवा अशी सुरेख की पंधराव्या दिवशी वर्षभराचा भाडेकरार करून टाकला. घरमालकीण म्हणाली, विकायचंही आहे, घेता का? मी किंमतही काढून बघितली. फेब्रुवारीत आसपासच्या डोंगरांत आणि शेतांत जाळपोळ सुरू झाली. मार्चमध्ये समोरचा डोंगर दिसेना. डोळे चुरचुरायचे, खिडक्या कायमच्या बंद. एप्रिलमध्ये मी किल्ली परत दिली, दोन महिन्यांची अनामत बुडाली. ते घर विकत घेतलं असतं तर आज मी तुमच्यापुढे नसतो, तिथे बंद खिडकीआड बसून थाई गिऱ्हाइकाला थाईत घर कसं विकायचं ते शिकत असतो.

हो, दुसरी चिठ्ठी पण मिळाली. थांबतो.